सोफ्यातलं केमिकल अंगात किती मुरतं? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी जाता जाता एवढंच लिहिलं होतं की सोफा, टीव्ही, गाडीच्या सीट यांनी पटकन पेट घेऊ नये म्हणून त्यात जी फ्लेम रिटार्डंट केमिकल्स घालतात ती नुसती धुळीतून पोटात जातात असं नाही, थोडीफार कातडीतूनही आत जातात. त्या एका वाक्यावर इनबॉक्स भरला. काही जण घाबरले, काहींनी "काहीही काय ताई" म्हणून सरळ उडवून लावलं, आणि बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, किती टक्के जातं ते सांगा. आता हा टक्क्यांचा आकडाच या सगळ्यात जास्त फसवा आहे, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी मलमं आणि क्रीम बनवणाऱ्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, तिथे औषध कातडीतून आत जावं म्हणून आमची धडपड असायची, इथे जाऊ नये म्हणून, पण मोजायची काच तीच आणि कटकटीही त्याच.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया): ताई, आम्ही सेकंडहँड सोफा घेतलाय, खाली टॅगवर टेक्निकल बुलेटिन ११७ असं छापलंय. मुलगी दीड वर्षाची आहे आणि दिवसभर त्याच्यावरच लोळत असते. नवरा म्हणतो, अंघोळ करताना पाणी अंगात शिरतं का, मग केमिकल कसं शिरेल, उगाच टेन्शन घेऊ नकोस. कोण बरोबर?

दोघंही थोडे थोडे. आधी टॅगचं बघू. कॅलिफोर्नियात १९७५ साली हा नियम आला, फोमला छोटी उघडी ज्योत १२ सेकंद लावली तरी त्याने भडकायचं नाही. फोमवाल्यांना स्वस्तातला रस्ता एकच दिसला, फोम बनवतानाच केमिकल मिसळून टाका. आणि कॅलिफोर्नियाचं मार्केट एवढं मोठं की एका राज्यासाठी वेगळा माल कोण बनवणार, म्हणून तोच फोम अमेरिकाभर गेला. २००४ संपेपर्यंत त्यात पेंटा-बीडीई (बीडीई हे ब्रोमिनवाल्या फ्लेम रिटार्डंटचं एक कुटुंब) असायचं, ते बंद झाल्यावर क्लोरिनेटेड ट्रिस उर्फ टीडीसीआयपीपी आणि फायरमास्टर ५५० नावाचं मिश्रण आलं. पुढे नियम बदलला, ज्योतीऐवजी धुमसणाऱ्या सिगरेटची टेस्ट आली, टॅगवर "११७-२०१३" लिहायला लागले आणि १ जानेवारी २०१५ पासून ते सक्तीचं झालं, ही टेस्ट केमिकल न घालताही पास होते. तुमच्या टॅगवर नुसतं ११७ असेल तर सोफा त्याच्या आधीचा, म्हणजे फोममध्ये काहीतरी असण्याची शक्यता भरपूर. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या हेदर स्टेपलटन यांच्या टीमने २०११ साली लहान मुलांच्या सामानातल्या फोमचे १०१ नमुने तपासले होते, कार सीट, पाळण्यातल्या गाद्या वगैरे, त्यातल्या ८० नमुन्यांत फ्लेम रिटार्डंट सापडलं आणि सगळ्यात जास्त वेळा सापडलं ते हेच टीडीसीआयपीपी.

ही केमिकल्स फोमला रासायनिकरीत्या जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतात आणि हवेत, धुळीत, कापडावर, हातावर बसतात.

आता तुमच्या मिस्टरांचं अंघोळीचं लॉजिक. पाणी फारसं आत जात नाही हे खरं, पण कातडीचा सगळ्यात वरचा थर हा मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा अशा बांधणीचा असतो, आणि चरबीत विरघळणाऱ्या रेणूला त्या गिलाव्यातून वाट मिळते. हे नुसतं पुस्तकात नाही, मुलांवर दिसलेलं आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत लहान मुलांच्या पायजम्यांना ट्रिस नावाचं फ्लेम रिटार्डंट लावायचे, कापडाच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चिमूटभर नव्हे. १९७७ च्या जानेवारीत आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी सायन्स या नियतकालिकात लिहिलं की हे डीएनए बिघडवणारं आहे, त्याच वर्षी ट्रिसवाल्या पायजम्यांवर बंदी आली. आणि १९७८ साली ब्लम आणि मंडळींनी असे कपडे घालणाऱ्या किंवा आधी घातलेल्या दहा मुलांची लघवी तपासली, तर त्यात ट्रिस शरीरात फुटल्यावर तयार होणारा पदार्थ सापडला. त्यातल्या आठ जणांचे कपडे चांगले धुऊन धुऊन वापरलेले होते! (या त्याच ब्लमबाई, ज्यांच्या नेतृत्वाखाली त्याच १९७८ साली बायकांच्या टीमने अन्नपूर्णा सर केली. एका वर्षात माणूस किती काय करतं बघा.) आणि गंमत अशी की ट्रिसचाच क्लोरीनवाला भाऊ, म्हणजे वरचं टीडीसीआयपीपी, जो मुलांच्या पायजम्यातून तेव्हाच हद्दपार झाला, तो नंतर सोफ्यात येऊन बसला.

पण तुमच्या मुलीच्या बाबतीत सांगायचं तर दीड वर्षाच्या पोराचा मुख्य रस्ता त्वचा नाही, तोंड आहे. सोफ्यावरची धूळ हाताला, हात तोंडात. फोम कुठे फाटून उघडा पडला असेल तर ते आधी बंद करा, वर जाड चादर घाला आणि ती वरचेवर धुवा, जमलं तर आतला फोम तेवढा बदलून घ्या, सगळा सोफा फेकायची गरज नाही. ब्रिटनमधल्या नातेवाइकांना मात्र वेगळं सांगेन, तिकडे १९८८ च्या नियमांमुळे वरच्या कापडालाही केमिकल लावलेलं असू शकतं, आणि बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१८ मध्ये दाखवलं की अशा कापडाला अंग लागून जे ब्रोमिनवालं केमिकल आत जातं ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

प्रश्न (कराड, एम. फार्म.ची विद्यार्थिनी): मॅडम, सेमिनारसाठी मी एक पेपर वाचतेय, बर्मिंगहॅमचाच, २०१६ चा. त्यात मानवी त्वचेतून २४ तासांत क्लोरीनवाल्या फ्लेम रिटार्डंटपैकी टीसीईपी सुमारे २८ टक्के, टीसीआयपीपी २५ टक्के आणि टीडीसीआयपीपी १३ टक्के शोषलं गेलं असं दिलंय. म्हणजे आपल्या हातावर जे काही बसतं त्याचा पाव हिस्सा रक्तात जातो असं म्हणायचं का? गाइड म्हणाले म्हण. मला पटत नाहीये.

तुझं न पटणं बरोबर आहे, गाइडना कसं सांगायचं ते तू बघ.

आधी हे आकडे कुठून आले ते डोळ्यांसमोर आण. फ्रान्झ सेल तू कॉलेजात बघितला असशीलच. वर डोनर, खाली रिसेप्टर, मध्ये कातडीचा तुकडा क्लॅम्प केलेला, बाहेरून पाण्याचं जॅकेट, कातडीचा पृष्ठभाग ३२ डिग्रीला राहील असं, खाली छोटा मॅग्नेट गरगर फिरतोय आणि बाजूच्या नळीतून ठराविक तासांनी सॅम्पल ओढायचं. बर्मिंगहॅमसारख्या ठिकाणी कातडी येते ती टमी-टकसारख्या ऑपरेशनमध्ये काढलेली पोटाची, आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये डुकराच्या कानाची वापरतात. डर्माटोमने साधारण २०० ते ४०० मायक्रॉनची काप काढायची, ती फाटकी नाही ना हे आधी तपासायचं, आणि मग सुरू. ज्याने हे हाताने केलंय त्याला विचार, सगळ्यात डोकं कशाने फिरतं, तर कातडीखाली अडकणाऱ्या हवेच्या बुडबुड्याने. सकाळी सेल लावून निवांत चहा प्यायचा आणि दुपारी बघावं तर खाली बुडबुडा बसलाय, तेवढ्या भागातून काहीच खाली उतरत नाहीये, मग अख्खा सेल उलटा करून टिचक्या मारत तो बाजूच्या नळीतून बाहेर काढायचा. असे दोन सेल हळूच वाईट निघाले की सरासरी खाली येते आणि रिपोर्टात कोणाला दिसतही नाही.

दुसरं, खालचं लिक्विड. फ्लेम रिटार्डंट बरेचसे तेलकट, साध्या सलाइनमध्ये विरघळतच नाहीत, मग ते कातडीत बसून राहतात आणि आपण म्हणतो "पार गेलंच नाही". म्हणून रिसेप्टरमध्ये अल्ब्युमिनसारखं काहीतरी घालतात, रक्तातही प्रथिनं असतातच की. तू पेपर वाचताना रिझल्टच्या आधी हे बघ, रिसेप्टरमध्ये काय होतं आणि शेवटी हिशोब जुळला का, म्हणजे वर उरलेलं, पुसून काढलेलं, कातडीतलं आणि खाली उतरलेलं मिळून लावलेल्याच्या ९० ते ११० टक्के भरतं का. ओईसीडीची ४२८ नंबरची गाइडलाइन, २००४ ची, तेच मागते.

आता शोषलं म्हणजे काय? खाली उतरलं तेवढंच, का कातडीच्या आत अडकलेलंही धरायचं? यावर लोक भांडतात. अडकलेलं उद्या खाली उतरेल का कातडीच्या खपल्यांबरोबर गळून जाईल हे केमिकलवर अवलंबून, म्हणून नियामक संस्था बहुतेक वेळा सावधगिरीने कातडीतला बराचसा भाग धरूनच चालतात आणि आकडा फुगतो. फायरमास्टर ५५० मधल्या दोन ब्रोमिनवाल्या घटकांवर अमेरिकेत २०१६ साली असंच काम झालं, माणसाच्या कातडीत ते चांगलेच शिरले पण पार खाली उतरलं ते नगण्य. एकाच प्रयोगातून "भरपूर शोषलं" आणि "जवळजवळ काहीच नाही" अशा दोन हेडलाइन निघू शकतात.

आणि आता खरा मुद्दा. त्या पेपरमध्ये लावलेला डोस होता दर चौरस सेंटीमीटरला ५०० नॅनोग्रॅम. खऱ्या हाताचा हिशोब करून बघू, आकडे मी समजायला सोपे म्हणून धरतेय. समज दोन्ही हातांवर मिळून २० मिलिग्रॅम धूळ बसलीये आणि धुळीत एका ग्रॅमला ५ मायक्रोग्रॅम टीडीसीआयपीपी आहे. म्हणजे हातावर एकूण १०० नॅनोग्रॅम. दोन्ही हातांचं क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटीमीटरच्या आसपास धरलं तर दर चौरस सेंटीमीटरला ०.१ च्या जरा वर. प्रयोगातला थर याच्या साडेचार हजार पट जाड! थर जाड असला की वरचं केमिकल कातडीला नीट टेकतच नाही, टक्का खाली येतो, एकूण नॅनोग्रॅम मात्र वाढतात. थर पातळ झाला की टक्का वर जातो, पण जायला मुळात असतंच किती. म्हणजे प्रयोगातले १३ टक्के हे खऱ्या हातासाठी कमीही असू शकतात.

उलट्या बाजूनेही बघ. प्रयोगात २४ तास कोणी पुसत नाही, आपण हात धुतो, पुसतो, पीठ मळतो. प्रयोगात केमिकल विरघळवून मोकळं लावलं होतं, खऱ्या आयुष्यात ते धुळीच्या कणाला चिकटलेलं असतं आणि आधी कणातून सुटून घामात-तेलात यावं लागतं. आणि कातडी पोटाची, तळहाताची नाही, तळहाताचा वरचा मेलेला थर पोटाच्या कितीतरी पट जाड असतो. या सगळ्या चुका एकमेकींना कापतात का, तर थोड्या कापतात, पण नेमक्या किती हे केमिकलगणिक वेगळं.

तरी १३ टक्के धरून पुढे गेलीस तर १०० पैकी १३ नॅनोग्रॅम. तीच धूळ पोटात ५० मिलिग्रॅम गेली तर २५० नॅनोग्रॅम. कॅलिफोर्नियाच्या प्रॉप ६५ मध्ये (घातक केमिकल्सबद्दल इशारा द्यायला लावणारा तिथला कायदा) टीडीसीआयपीपीची कॅन्सरच्या हिशोबाने ठरवलेली रोजची पातळी ५.४ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ५४०० नॅनोग्रॅम. हातांच्या धुळीचं एवढंच. अंगाखाली सोफा, कपडे, हवा हे सगळं वेगळं धरायचं. सेमिनारमध्ये टक्का एका स्लाइडवर दे आणि त्याच स्लाइडवर डोस, वेळ, कातडी कुठली हे लिही, परीक्षक खूश होतील.

एक राहिलं, "उंदराचा डेटा आहे, माणसाचा नाही" असं कोणी विचारलं तर समांतरभुज पद्धत सांग. समज जिवंत उंदरात ३० टक्के गेलं, उंदराच्या कापलेल्या कातडीतून ५० आणि माणसाच्या कापलेल्या कातडीतून १०, तर जिवंत माणसाचा अंदाज ३० गुणिले १० भागिले ५०, म्हणजे ६. उंदराची कातडी जास्त गळकी असते म्हणून हे करावं लागतं.

प्रश्न (पुणे, निवृत्त इंजिनिअर): एवढी कातडी कापण्यापेक्षा फॉर्म्युला वापरा ना. केमिकल कातडीतून किती वेगाने जाईल हे सांगणारं पॉट्स आणि गाय यांचं १९९२ चं समीकरण सगळ्यांना माहीत आहे.

काका, माहीत आहे आणि वापरतोही, पण कुठे वापरायचं हे बघून. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्याने, २००४ च्या गाइडमध्ये जे रूप घेतलंय ते असं: पारगम्यतेचा लॉग म्हणजे उणे २.८०, अधिक ०.६६ गुणिले तेल-पाणी वाटणीचा (केमिकल पाण्यापेक्षा तेलात किती जास्त जातं त्याचा) लॉग, वजा ०.००५६ गुणिले रेणुभार. टीसीईपी घाला, रेणुभार २८५, वाटणीचा लॉग १.४४ च्या आसपास, उत्तर येतं तासाला ०.०००३६ सेंटीमीटर. आता डेका-बीडीई घाला, टीव्हीच्या पाठीमागच्या प्लास्टिकमधलं, रेणुभार ९५९, वाटणीचा लॉग १० धरा. उत्तर ०.०२७. म्हणजे हा दहा ब्रोमिनवाला अगडबंब रेणू टीसीईपीच्या ७५ पट वेगाने आत जातो म्हणे! बर्मिंगहॅमच्या लॅबमध्ये तो माणसाच्या कातडीतून मोजता येईल एवढाही गेला नाही.

समीकरण चुकीचं नाही, ते पाण्यात विरघळलेल्या लहान-मध्यम रेणूंवर बसवलेलं आहे. पाण्यात असलेल्या तेलकट रेणूला पाणी नकोसंच असतं, तो कातडीकडे धावतो. पण कोरड्या हातावर बसलेल्याला कसली घाई? शिवाय वरच्या चरबीत शिरल्यावर खालचे थर पाणीदार लागतात, तिथे उतरायला तो तयार नसतो. म्हणून वरच्या पेपरमध्ये क्रम उलटा आलाय, कमी तेलकट टीसीईपी सगळ्यात जास्त आणि टीडीसीआयपीपी सगळ्यात कमी, समीकरण टीडीसीआयपीपीला चार-पाच पट पुढे काढतं. ईपीएच्या गाइडमध्येच लिहिलंय की काही केमिकल्स या समीकरणाच्या हद्दीबाहेर आहेत, पण एक्सेलमध्ये कॉलम ओढला की ते कोण वाचतं.

प्रश्न (ठाणे): माझा नेल आर्टचा छोटा बिझनेस आहे. मैत्रीण म्हणाली नेलपॉलिशमध्येपण हेच केमिकल असतं. खरंय का?

काहींमध्ये असतं, फक्त तिथे ते आगीसाठी नसतं, पॉलिशचा थर लवचिक राहावा म्हणून घालतात. नाव ट्रायफिनाइल फॉस्फेट, लेबलवर बघायला सोपं. ड्यूकच्या लोकांनी २०१६ मध्ये दहा पॉलिश तपासली, आठांमध्ये सापडलं, जास्तीत जास्त १.६८ टक्के. मग त्यांनी एक फार छान प्रयोग केला. २६ बायकांना पॉलिश लावायला दिलं आणि आधीची-नंतरची लघवी घेतली. १० ते १४ तासांनी लघवीतला त्याचा अवशेष जवळजवळ सात पट झाला. पण मग वासावाटे गेलं का कातडीवाटे? तर त्यांनी काही जणींना हातमोजे घालून त्यावर चिकटवलेल्या खोट्या नखांवर पॉलिश लावायला सांगितलं, वास तोच, कातडीला मात्र स्पर्श नाही, आणि लघवीत वाढ झालीच नाही! म्हणजे वाट नखाभोवतीच्या कातडीतून आणि क्युटिकलमधूनच. मला या विषयात सगळ्यात जास्त पटलेला प्रयोग हाच, कारण कापलेली कातडी नाही, समीकरण नाही, जिवंत माणूस आणि एक हातमोजा.

तुमच्यासाठी अर्थ सरळ, तुम्ही दिवसाला कितीतरी हातांना लावता, रिमूव्हरने बोटं ओली करता. घटकांची यादी बघून माल घ्या आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. ग्राहकाला घाबरवायची गरज नाही, तिची महिन्यातून एखाद्या वेळेची गोष्ट आहे, तुमची रोजची.

प्रश्न (नागपूर): आमच्याकडे मे महिन्यात गाडी उन्हात उभी असली की दार उघडल्यावर जो भपका येतो त्यात हेच असतं का? आणि घामाने सीटला शर्ट चिकटतो तेव्हा जास्त आत जातं का?

भपका म्हणजे प्लास्टिक, गोंद, रेक्झिन सगळ्याचा मिळून, फ्लेम रिटार्डंटला तसा खास वास नसतो. पण उन्हाचा मुद्दा बरोबर आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये १०१ गाड्यांचा अभ्यास आला, ९९ टक्के गाड्यांमध्ये टीसीआयपीपी सापडलं, आणि उन्हाळ्यात गाडीतल्या हवेत काही फ्लेम रिटार्डंटचं प्रमाण थंडीच्या दोन ते पाच पट होतं, उगम सीटचा फोम. तिकडे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा नियम आहे की गाडीच्या आतलं सामान मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळायला नको. आपल्याकडेही तशाच धर्तीचं आयएस १५०६१ आहे, म्हणून आपल्या गाड्यांत नसेलच असं समजू नका.

घामाचं म्हणाल तर हो. बर्मिंगहॅमनेच २०२४ मध्ये कृत्रिम मानवी त्वचेवर मायक्रोप्लास्टिकचे कण ठेवून बघितलं, कणांतल्या बीडीई केमिकलपैकी ८ टक्क्यांपर्यंत त्वचेत गेलं आणि त्वचा घामेजलेली असली की जास्त गेलं. शर्टाचं प्रकरण तर आणखी मजेशीर आहे. फ्थॅलेट या दुसऱ्या केमिकलवर प्रयोग झाले, त्यात स्वच्छ धुतलेला शर्ट घातला तर हवेतलं केमिकल कातडीपर्यंत पोचायचं कमी झालं, आणि तोच शर्ट आधी त्या हवेत टांगून ठेवला असेल तर उघड्या अंगापेक्षाही जास्त गेलं. म्हणजे गाडीत मागच्या सीटवर आठवडाभर लोळणारा टॉवेल आणि जॅकेट, ते धुवायला टाका. दारं उघडून दोन मिनिटं हवा जाऊ द्या, काचा खाली करून निघा, एसी नंतर लावा. आणि शक्य असेल तर झाडाखाली लावा गाडी, नागपुरात जागा मिळाली तर.

प्रश्न (कुर्ला, मुंबई): माझे मिस्टर भंगारात येणारे जुने टीव्ही, कॉम्प्युटर फोडायचं काम करतात. हातांना काळं लागलेलं असतं. तुम्ही म्हणता टीव्हीच्या प्लास्टिकमधलं केमिकल कातडीतून जात नाही, मग बिनधास्त राहायचं का?

नाही वहिनी, बिनधास्त नाही. कातडीतून जवळजवळ जात नाही ते डेका. बर्मिंगहॅमच्या २०१५ च्या कामात बीडीईपैकी एक ब्रोमिनवालं सुमारे ३० टक्के, सात ब्रोमिनवालं २ टक्के आणि दहावालं मोजता येईल एवढंही नाही, अशी उतरंड होती. पण जुन्या मालात सगळा डेका नसतो, कमी ब्रोमिनवाली पेंटा आणि ऑक्टाही असतात, आणि ब्रोमिन कमी असलेले रेणू आत शिरायला सोपे आणि बाहेर पडायला कठीण, डेका रक्तातून साधारण १५ दिवसांत निम्मं होतं, पेंटामधल्यांना वर्षं लागतात. कायद्याने आता नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत ही बीडीई ०.१ टक्क्याच्या वर चालत नाहीत, आणि पेंटा, ऑक्टा, एचबीसीडी (आणखी एक ब्रोमिनवालं फ्लेम रिटार्डंट) वगैरे सात केमिकल्सच्या बंदीच्या कराराला केंद्राने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता दिली. पण भंगारात येतो तो माल त्याच्या आधीचा, त्याला कुठला कायदा लागणार.

आणि कातडीपेक्षा मोठी भीती त्या काळ्या हातांची तोंडाशी गाठ पडण्याची आहे. त्याच हाताने तंबाखू मळली, वडापाव खाल्ला, बिडी धरली की कातडीची गाळणी बाजूलाच राहते. शिवाय त्या धुळीत शिसंही असतं, ते विसरू नका. प्लास्टिक किंवा वायर कोणी जाळत असेल तर तिथून लांब राहायला सांगा, तो धूर सगळ्यात वाईट. कामाचे कपडे तिथेच ठेवून यायचं, जमत नसेल तर घरी आल्याबरोबर वेगळ्या बादलीत, मुलांच्या कपड्यांबरोबर नाही. हातमोजे फाटके वापरू नयेत, आत धूळ गेलेला मोजा घालून घाम आला की नसल्यापेक्षा वाईट.

प्रश्न (सांगली): सॅनिटायझर लावला तर केमिकल निघून जातं का? आणि बाळाला तेल-मालिश केल्यावर जास्त शोषलं जातं असं वाचलं, मग मालिश बंद करू का?

सॅनिटायझर कुठेही "काढून" नेत नाही, हातावरच पसरवतो आणि वाळतो. साबण आणि पाणी. बोस्टनमधल्या ऑफिसवाल्यांच्या एका अभ्यासात दिवसातून चार किंवा जास्त वेळा हात धुणाऱ्यांच्या हातांवर पेंटा-बीडीई कमी सापडलं होतं, लॅबमधल्या कातडीवरही धुतल्यावर शोषण कमी झालं, पूर्ण थांबलं नाही, कारण जे वरच्या थरात शिरलं ते साबणाने परत येत नाही. म्हणून जेवायच्या आधी धुवाच, पण बाहेरून आल्यावर, झाडू मारल्यावर लगेच धुतलेलं जास्त कामाचं.

मालिश बंद करू नका हो. तेलकट अंगाला धूळ जास्त चिकटते आणि धुळीतलं तेलकट केमिकल तेलात सुटतं, एवढं खरं. मग मालिश झाल्यावर बाळाला तसंच फोमच्या मॅटवर किंवा सोफ्यावर सोडायचं नाही, जुन्या मऊ सुती साडीवर घ्यायचं आणि अंघोळ घालायची, आजी करायच्या तसंच. साडी मात्र रोज धुतलेली हवी.